रावण, राक्षस आणि बंद पडलेला घाट

इकडे नेकारसुल्मला नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो. रविवारी दुकानंही बंद. अशा वेळी मी जॉयस्टिक काढतो आणि १९९९ सालचा 'फ्रीस्पेस २' लावतो. "एवढं शिकून आता खेळतोस?" हा आईचा दर फोनवरचा प्रश्न.

अवकाशातल्या लढाऊ यानांच्या खेळात गोष्टीला वजन आणलं ते १९९० च्या 'विंग कमांडर'नं. मोहीम फसली तरी खेळ संपत नसे, कथा वेगळ्या, वाईट वाटेनं पुढे जाई. साथीदार मेला की मेलाच. त्याचा अंत्यविधी बघायचा आणि पुढच्या मोहिमेवर त्याच्याविना निघायचं.

'फ्रीस्पेस'चा पहिला भाग १९९८ साली अमेरिकेतल्या व्होलिशन कंपनीनं काढला. माणसं आणि वासुदन यांचं चौदा वर्षं युद्ध चालू असतं. तेवढ्यात शिवन नावाचे तिसरेच कोणी येऊन दोघांनाही झोडपू लागतात. नाव आपल्या शंकरावरून, संहारक म्हणून. दुसऱ्या भागात त्यांच्या जहाजांत 'रावण' आणि 'राक्षस'सुद्धा आहेत! रावण शिवभक्तच होता म्हणा, तेव्हा चुकलं असंही म्हणवत नाही.

असो. ह्या विश्वात एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे ठरावीक वाटांनीच जाता येतं, घाटातून उतरावं तसं. शिवनांचं 'ल्युसिफर' नावाचं अजस्र जहाज पृथ्वीकडे निघतं. त्याचं कवच एरवी अभेद्य, पण त्या वाटेवर असताना ते चालत नाही. म्हणून आपण त्याला तिथेच गाठून फोडायचं. ते फुटतं आणि घाटच कोसळतो. पृथ्वी वाचते, पण बाहेरची माणसं कायमची बाहेर. दुसरा भाग ३२ वर्षांनंतरचा. त्यातले तरुण वैमानिक पृथ्वीला केवळ ऐकून ओळखतात.

विद्यार्थी असताना मला ही नुसती छान कल्पना वाटली होती. मार्च २०२० मध्ये भारतानं परदेशी विमानं बंद केली तेव्हा बाबा दवाखान्यात होते आणि मी इथे. ते सुखरूप घरी आले, पण त्या काळात हा खेळ मला लावता आला नाही.

समीक्षकांनी 'फ्रीस्पेस २' डोक्यावर घेतला, पण तो खपला नाही. आमच्या गावाला हे ओळखीचं आहे. इथल्या एनएसयू कंपनीची रो ८० ही व्हांकेल इंजिनाची गाडी १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम ठरली होती. इंजिनातल्या सीलनी घात केला, दुरुस्त्यांपायी कंपनी जेरीस आली आणि १९७७ मध्ये गाडी बंद झाली. जुन्या गड्या मात्र हौशी लोकांनी जिवापाड जपल्या.

खेळाचंही तेच. २००२ साली व्होलिशननं त्याचा सोर्स कोड खुला केला आणि चाहत्यांनी तो नव्या संगणकांवर चालता ठेवला. २०१३ मध्ये फ्रीस्पेसचे हक्क साडेसात हजार डॉलरना विकले गेले. एवढ्यात इथे बरी जुनी गाडी येते! २०२३ मध्ये व्होलिशनही बंद झाली.

दुसऱ्या भागाच्या शेवटी पृथ्वीची वाट पुन्हा बांधता येईल अशी आशा दाखवली होती. तिसरा भाग आलाच नाही, तेव्हा पुढची गोष्ट चाहत्यांनी स्वतः रचली. त्यांच्या 'ब्लू प्लॅनेट'मध्ये वाट उघडते आणि परतलेल्यांचं पृथ्वीवाल्यांशीच युद्ध जुंपतं.

तो मी उतरवून ठेवलाय. अजून सुरू केलेला नाही.