घर कोठे?

ठाकुर्ली स्थानकात लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत. त्या धडधडत निघून जातात. त्यांतल्या बऱ्याच एक स्थानक अलीकडे, कल्याणला, थांबलेल्या असतात. नाशिककडचा व पुण्याकडचा असे दोन्ही लोहमार्ग कल्याणला मिळतात. त्यामुळे घर सोडून मुंबईच्या ओढीने निघालेल्या मुलाला महानगराची पहिली चाहूल बहुधा याच पट्ट्यात लागते. रस्त्यावरच्या मुलांचा इतिहास लिहू पाहणाराने आरंभ येथून करावा, असे आम्हांस वाटते.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. त्याच १८५३ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लोरिंग ब्रेस या धर्मोपदेशकाने ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन केली. शहराच्या गल्लीबोळांत झोपणाऱ्या मुलांना आगगाडीत बसवून पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांत पाठवावे, ही त्याची योजना. पहिली तुकडी १८५४ मध्ये निघाली. अशा गाड्या १९२९ पर्यंत चालल्या आणि सुमारे दोन लाख मुले त्यांतून गेली. कोंडवाड्यासारख्या अनाथालयापेक्षा कुटुंब बरे, हा ब्रेसचा विचार त्या काळी धाडसाचाच होता. पण यांतल्या कित्येक मुलांचे आईबाप हयात होते, आणि गावोगावी मुलांना रांगेत उभे करून लोक आपल्याला हवे ते मूल निवडून नेत. कोणास लेकरू हवे होते, कोणास बिनपगारी गडी. (ठाकुर्लीच्या चोळे वीजगृहाचे सालही १९२९च. या योगायोगाला आम्ही काही अर्थ चिकटवीत नाही.)

तिकडे रूळ मुलांना शहराबाहेर नेत होते, आपल्याकडे ते त्यांना शहरात आणू लागले. आणि आणल्यावर त्यांचे काय करायचे, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी आधीच देऊन ठेवले होते. १८५० च्या अप्रेंटिस कायद्याने धर्मादायावर वाढणारी निराधार मुले एखाद्या धंद्याला बांधून देण्याची सोय केली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुंबईतील सुधारशाळा उभी राहिली. १८७६ चा सुधारशाळा कायदा तर गुन्हा शाबीत झालेल्या मुलांसाठीच होता. मूल निराधार असणे आणि मूल गुन्हेगार असणे, या दोहोंमधली रेघ फार पुसट राहिली.

ती ठळक करण्याचा प्रयत्न १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने केला आणि १९२७ मध्ये मुंबईतही ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ निघाली. नाव न्यूयॉर्कचे, वास्तू मात्र आपली आणि मराठी वाचकाला चांगली परिचित. उमरखाडीचे बालगृह ज्या आवारात वसले, तो डोंगरीचा जुना तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर तेथे एकशे एक दिवस होते, आणि त्या वास्तव्यावर आगरकरांनी लिहिलेले पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच भिंतींआड पुढे, कोणताही गुन्हा न केलेली मुले ठेवली गेली. त्यांचे दिवस मोजून लिहून ठेवणारा कोणी निघाला नाही. आमच्या वाङ्मयेतिहासातली ही उणीव आम्हांस लहान वाटत नाही.

कायद्याची भाषा सावकाश बदलली. १९८६ च्या बालन्याय कायद्यात हे मूल ‘उपेक्षित’ झाले. २००० मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’. २०१५ च्या कायद्याने सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेणे बंधनकारक ठेवले. बोलीभाषा मात्र उनाड, वांड, उडाणटप्पू या शब्दांपाशीच रेंगाळली. फलाटावर धन्याविना पडलेल्या पिशवीला आपण ‘बेवारस’ म्हणतो आणि तेथेच झोपलेल्या मुलालाही.

१९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, १०९८ ही दूरध्वनीसेवा सुरू झाली. २०२३ मध्ये ती शासनाने आपल्या हाती घेतली. तिचे मोठेपण साधे आहे. मुलाला कोणी पकडून नेण्याऐवजी मुलानेच हाक मारायची होती. फलाटांवर काम करणाऱ्या ‘समतोल फाउंडेशन’ने कल्याणजवळ मामणोली येथे शिबिरे घेतली आणि मुलांना पुन्हा आपल्या घरी पोहोचविण्यावर भर दिला. ब्रेसच्या अगदी उलट दिशेची ही गाडी. पण ज्या घरातला मार चुकविण्यासाठी मूल निघाले, त्याच घरी ते नेऊन सोडणे दर वेळी योग्य कसे ठरेल? म्हणून पत्ता मिळाल्यावर खरे काम सुरू होते. बापाशी बोलायचे, शाळेत नाव घालायचे, पुन्हा पुन्हा चौकशीला जायचे. हे काम गाडीच्या वेळापत्रकाने होत नाही.

शिवाय घरापासून न पळताही रस्त्यावर असलेली मुले आहेतच. मराठवाड्यातल्या दुष्काळाने उठलेली कुटुंबे ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली राहिली. त्यांची मुले सिग्नलला फुले विकत. २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी त्याच पुलाखाली, मालवाहू कंटेनरांत, ‘सिग्नल शाळा’ उघडली. या मुलांना कोठे परत पाठवायचे हा प्रश्नच नव्हता. आई शेजारीच, पुलाच्या पुढच्या खांबाशी, चूल मांडून बसलेली असे.