तलवार दिसते, शिसं दिसत नाही
आपल्या साखरखेर्ड्याला गेलो की मला तलवारीपेक्षा शिसं आठवतं. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथंच निजामानं मुबारिझखानाला हरवलं. खान पडला अन् दख्खन दिल्लीच्या हातून सुटलं.

त्या काळी बंदुकीची गोळी शिशाची. मऊ धातू, ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो. चुलीवर पातळ करून साच्यात ओतला की गोळी तयार. पण आपल्या काळ्या दगडात शिसं नाही. लोखंड गावचा लोहार घडवायचा, शिसं मात्र बाहेरून विकत आणावं लागे. शिवरायांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून तोफांसोबत शिसं घेतल्याचं इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो.

म्हणजे स्वराज्याची लढाई बाजारातही लढली गेली. मित्रांनो, पोरांना इतिहास सांगताना तलवारीसोबत ही खरेदीही सांगा.