शरीराच्या आतला डोस न मोजता कसा कळतो?

किरणोपचाराची (रेडिएशनची) फाइल उघडलीत तर त्यात एक आकडा ठळकपणे दिसेल: ५० ग्रे, ६० ग्रे वगैरे. ग्रे हे किरणांची मात्रा सांगण्याचे एकक. शेजारच्या रंगीत चित्रात गाठीला किती मात्रा मिळणार, फुप्फुसाला किती, हृदयाला किती, हे दाखवलेले असते. चौकस रुग्ण मग हमखास विचारतात, "डॉक्टर, हे माझ्या शरीराच्या आत कुणी मोजलं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की बहुतेक वेळा कुणीच मोजलेले नसते. यंत्रातून निघणारा झोत पाण्याच्या टाकीत काटेकोर मोजलेला असतो. तुमच्या शरीरात तो काय करेल, हे मात्र गणिताने काढलेले असते. या गणितावर विश्वास का ठेवायचा, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१९३७ साली केंब्रिजमध्ये असलेल्या होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत एक कोडे सोडवले. अवकाशातून आलेला वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की त्यातून फोटॉन निघतो, फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्या जोडीतून पुन्हा फोटॉन. एकाचे दोन, दोनाचे चार. कणांचा हा वर्षाव कसा वाढतो आणि कसा विरतो, याचे गणित त्यांनी मांडले (अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच वर्षी ते मांडले). तुमच्या लिनॅक यंत्रात इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळून क्ष-किरण तयार होतात, त्यामागचे भौतिकशास्त्रही हेच आहे. अडचण एवढीच की कागदावरच्या समीकरणांना बरीच गृहीतके लागत, आणि कणाची ऊर्जा कमी झाली की ती गृहीतके डळमळीत होत.

इथे एक आजारपण कामी आले. गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम १९४६ साली मेंदूच्या दाहाने अत्यवस्थ झाले. त्यातून उठल्यावर सक्तीच्या विश्रांतीत ते पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत बसत. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढता येईना, तेव्हा त्यांना सुचले की शंभर डाव खेळून किती सुटतात ते नुसते मोजावे. ही कल्पना त्यांनी जॉन फॉन न्यूमन यांना सांगितली. न्यूट्रॉनचेही तसेच करता येईल: प्रत्येक वळणावर फासा टाकायचा आणि तो कुठे जातो ते पाहायचे. १९४८ साली एनिॲक संगणकावर अशी आकडेमोड झाली. त्यासाठीच्या आज्ञावलीचे मोठे काम क्लारा फॉन न्यूमन यांनी केले, पण त्यांचे नाव फार कमी ठिकाणी घेतले जाते. पद्धतीला जुगाराच्या गावावरून 'मॉन्टे कार्लो' हे नाव पडले. तुमच्या उपचाराच्या कागदांत हा शब्द दिसला तर दचकू नका.

आता माझा आवडता माणूस, रॉबर्ट विल्सन. युद्ध संपल्यावर हार्वर्डसाठी सायक्लोट्रॉनचा आराखडा करताना, यंत्राभोवती आडोसा किती जाड हवा हे पाहण्यासाठी, प्रोटॉन पदार्थात किती खोल जातो याचा हिशेब ते करत होते. त्यातून त्यांच्या ध्यानात आले की प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा थांबण्याच्या अगदी आधी टाकतो आणि त्यापुढे जवळजवळ काही जात नाही. मग गाठीतच तो थांबवला तर? १९४६ साली 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात त्यांनी ही कल्पना मांडली. १९५४ साली बर्कलेत रुग्णांवर प्रोटॉन उपचार सुरू झाले. आज आपल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये ते होतात.

याच विल्सननी १९५२ साली भाभांच्या वर्षावाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला, तोही संगणकाशिवाय. सुमारे ४ इंच व्यासाचा आणि १२ इंच लांबीचा एक दंडगोल, त्यावर काढलेले आलेख आणि तो फिरवायला मोटर. कण शिशात साधारण १ मिलिमीटर पुढे गेला की दंडगोल फिरवायचा, तो थांबेल तिथला आलेख वाचायचा आणि त्या कणाचे पुढे काय झाले ते लिहायचे. मग पुढचा मिलिमीटर. मग पुढचा कण. एकेका वर्षावासाठी हे किती वेळा करावे लागले असेल, याचा विचार करूनच मनगट दुखते!

ही चिकाटी का लागते, तेही सांगतो. फाशांच्या हिशेबात चूक निम्म्यावर आणायची तर चौपट कण सोडावे लागतात. दहाव्या हिश्शावर आणायची तर शंभरपट. हाताने ते अशक्यच होते. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या त्वरक केंद्रात झोत कुठे आदळेल, किती भिंत लागेल हे ठरवण्यासाठी राल्फ नेल्सन आणि सहकाऱ्यांनी ईजीएस ही संगणक-प्रणाली विकसित केली. १९८५ च्या तिच्या चौथ्या आवृत्तीत जपानचे हिरायामा आणि कॅनडाचे रॉजर्स हेही होते, आणि ती रुग्णालयांच्या भौतिकशास्त्रज्ञांनी उचलून धरली. भिंतींसाठी केलेले गणित असे माणसांच्या कामी आले.

फरक कुठे पडतो? फुप्फुसात. जुन्या सोप्या पद्धती शरीराला जवळजवळ पाणी समजत आणि घनतेसाठी थोडीफार दुरुस्ती करत. पण फुप्फुस हवेने भरलेले असते, त्यात सुटे झालेले इलेक्ट्रॉन लांब पळतात. त्यामुळे लहान गाठीच्या कडेला कागदावर दिसते त्यापेक्षा कमी मात्रा मिळू शकते. कॅन्सरमध्ये कड सुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. एकेका कणाचा माग काढणाऱ्या गणिताने हा फरक उघड केला. प्रोटॉनच्या बाबतीत तर काही मिलिमीटरची चूक झाली तरी गाठीचा भाग कोरडा राहतो किंवा मागचा निरोगी अवयव झोतात येतो.

हीच आकडेमोड तुमच्या बाहेर थांबलेल्या नातेवाइकांसाठीही होते. लिनॅकच्या खोलीची भिंत एक-दोन मीटर काँक्रीटची का, दरवाजा एवढा जड का, आत शिरताना वळणाची वाट का, हे सगळे हिशेबाने ठरते. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने नकाशा मंजूर केल्याशिवाय असे यंत्र बसवता येत नाही.

एक गोंधळ मात्र दूर करतो. उपचाराआधी तुम्हाला 'सिम्युलेशन'ला बोलावतात, तेव्हा होतो तो सीटी स्कॅन आणि त्वचेवरच्या खुणा. वर सांगितलेले सिम्युलेशन त्यानंतर होते, तुम्ही घरी गेल्यावर. स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याची घनता घेऊन संगणक लाखो-कोट्यवधी कण सोडतो. मग भौतिकशास्त्रज्ञ तो प्लॅन तपासतात आणि अनेकदा तुमच्या जागी एक ठोकळा किंवा मोजणीचे यंत्र ठेवून तोच झोत प्रत्यक्ष सोडून पडताळतात. "स्कॅन झाला, मग उद्याच का सुरू करत नाही?" असे वाटते ना, त्या मधल्या दिवसांत हे चाललेले असते. भौतिकशास्त्रज्ञ सहसा तुम्हाला भेटत नाहीत. पण त्यांना भेटायचे आहे असे सांगितलेत, तर विभागात कुणी नाही म्हणणार नाही. तुमच्या प्लॅनमध्ये मात्रा कोणत्या पद्धतीने काढली आहे, हे त्यांना जरूर विचारा.