सोनगीरचा किल्ला आणि निबंधातील एक परिच्छेद

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव, आणि गावाला लागूनच बुटक्या टेकडीवरचा किल्ला. किल्ल्यांवरील निबंधांत एक वाक्य हमखास भेटते : ‘हा किल्ला अत्यंत महत्त्वाचा होता.’ पुढचे वाक्य तटबंदीचे, त्यापुढचे दंतकथेचे. परिच्छेद भरतो, महत्त्व कशामुळे, ते कळत नाही.

परिच्छेदाला एकच विधान पुरते. मात्र ते कोणाला नाकारता येईल इतके नेमके हवे. उदाहरणार्थ, ‘सोनगीर हे आश्रयाचे नव्हे, पाळतीचे ठाणे असावे.’ पुरावा? टेकडी ठेंगणी. दक्षिणेस लळिंग, उत्तरेस तापीकाठी थाळनेर. दोन्ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची ठाणी, आणि सोनगीर त्यांच्या मधोमध. बहुतेक निबंध येथेच थांबतात. हा पुरावा विधानाला कसा लागू पडतो, ते लिहायचेच राहते. लळिंगकडून तापीकडे जाणाऱ्यावर नजर ठेवायची तर उंच कड्यापेक्षा वाटेलगतची टेकडी सोयीची, हे वाक्य आले की नकाशावरचे तीन ठिपके जोडले जातात.

आजचा महामार्ग मात्र येथे पुरावा म्हणून आणू नये. तो इंग्रजी अमदानीत बांधला गेला. फारुकींचे राज्य १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हाच संपले होते. समकालीन कागद हाती येईपर्यंत ‘असावे’चे ‘होते’ करण्याची घाईही नको.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे याबाबतीत कठोर होते. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ग्रँट डफच्या इतिहासातील दोष दाखवले. आणि खंडात मूळ पत्रेच छापलेली होती. पुढे राजवाड्यांचे स्वतःचे काही सिद्धान्त पुराव्याच्या फार पुढे धावले, हेही खरे. परंतु कागद छापून ठेवल्यामुळे वाचकाला खुद्द राजवाड्यांशी वाद घालता येतो. १९२६ मध्ये ते धुळ्यातच निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आहे.

उरते परिच्छेदाचे शेवटचे वाक्य. पहिले विधान तेथे पुन्हा घोळवण्याची गरज नसते. पुढच्या परिच्छेदाचा प्रश्न त्यात यावा. सोनगीरपुरता तो असा : पाळत दक्षिणेकडून येणाऱ्यांवर होती, तर फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजी फौज उत्तरेकडून, सेंधव्याचा घाट उतरून थाळनेरवर आली, तेव्हा या ठाण्याचा उपयोग काय उरला होता?