हाबेन गिर्मा

हाबेन गिर्मा (जन्म : २९ जुलै १९८८, ओकलंड, कॅलिफोर्निया) या अमेरिकन नागरी हक्क व अपंग हक्क वकील, लेखिका आणि वक्त्या आहेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातून २०१३ साली पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या बधिरांध (दृष्टी व श्रवण या दोन्ही शक्ती अत्यल्प असलेल्या) व्यक्ती होत. 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड विरुद्ध स्क्रिब्ड' या खटल्यात त्या अंध वाचकांच्या बाजूच्या वकिलांपैकी एक होत्या. ज्या वाचनालयाला इमारत नाही, दार नाही आणि जिनाही नाही, त्याला अपंगांसाठीचा कायदा लागू होतो का, हा त्या खटल्यातील प्रश्न होता.

नाव व कुटुंब

'हाबेन' या तिग्रिन्या भाषेतील शब्दाचा अर्थ अभिमान असा आहे. इरिट्रिया व इथिओपियात आपल्यासारखी आडनावे नसतात. व्यक्तीच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात. त्यामुळे 'गिर्मा' हे आडनाव नसून त्यांच्या वडिलांचे नाव आहे.

त्यांची आई इरिट्रियाची. इथिओपियापासून स्वतंत्र होण्यासाठी इरिट्रियाने १९६१ ते १९९१ अशी तीस वर्षे युद्ध केले. त्या धामधुमीत १९८३ साली त्यांच्या आईने पायी सुदान गाठले आणि तेथून निर्वासित म्हणून त्या अमेरिकेत आल्या. वडील इथिओपियातील अदिस अबाबाचे. हाबेन यांचे थोरले बंधूही बधिरांध आहेत. त्यांना आजीने शाळेत घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अशा मुलासाठी येथे शाळा नाही, असे उत्तर मिळाले. ही हकिकत गिर्मा आपल्या व्याख्यानांतून पुन्हा पुन्हा सांगतात. एकाच घरातील दोन मुले, दोघांचे अपंगत्व सारखे, परंतु एकाला शाळेचे दार बंद आणि दुसरीला उघडे. हा फरक मुलांच्या कुवतीतला नव्हता, कायद्यातला होता.

ओकलंडला लागूनच बर्कली हे गाव आहे. अपंगांच्या स्वतंत्र जीवनाच्या चळवळीचे पहिले केंद्र तेथे १९७२ साली उभे राहिले. खाडीपलीकडील सॅन फ्रान्सिस्कोत १९७७ साली अपंग कार्यकर्त्यांनी सरकारी कार्यालयात आठवड्यांमागून आठवडे ठिय्या दिला आणि १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ चे नियम सरकारला लागू करण्यास भाग पाडले. गिर्मा शाळेत जाऊ लागल्या तेव्हा त्या परिसरातील सरकारी शाळांत ब्रेल शिकण्याची सोय होती. सर्वसाधारण मुलांबरोबर शिकत त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले. पंधराव्या वर्षी त्या मालीमध्ये शाळाबांधणीच्या कामावर गेल्या. आईवडिलांचा आधी या प्रवासाला विरोध होता.

लुइस अँड क्लार्क महाविद्यालय

ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथील लुइस अँड क्लार्क महाविद्यालयातून त्या २०१० साली पदवीधर झाल्या. येथे घडलेला भोजनगृहाचा प्रसंग छोटा असला, तरी त्यांच्या पुढील वकिलीचे बीज त्यात आहे.

भोजनगृहात पदार्थांच्या वेगवेगळ्या खिडक्या होत्या आणि कोणत्या खिडकीवर काय मिळेल हे छापील फलकावर लिहिलेले असे. गिर्मा यांना तो वाचता येत नसे. त्या काळी त्या शाकाहारी होत्या. त्यामुळे रांगेत उभे राहून ताटात काय पडते ते चाखून पाहण्यावाचून गत्यंतर नसे. रोजची यादी आपल्याला ई-मेलने पाठवावी, म्हणजे ती संगणकाच्या साहाय्याने ब्रेलमध्ये वाचता येईल, अशी विनंती त्यांनी व्यवस्थापकाला केली. यादी कधी येई, बहुधा येत नसे. विचारल्यावर, एवढ्या विद्यार्थ्यांचे पाहावे लागते, एकासाठी वेगळे करायला सवड नाही, असे सांगण्यात आले.

त्यांनी काही महिने हे सोसले. आपल्या आईने निर्वासिताचे दिवस काढले. आपल्याला निदान जेवण तरी मिळते, तक्रार कशाला करावी, असे त्यांना वाटे. पुढे त्यांनी कायदा वाचला आणि व्यवस्थापकाला लिहिले की, यादी वाचता येईल अशा रूपात देणे ही मेहेरबानी नव्हे, ते कायदेशीर कर्तव्य आहे. तसे न केल्यास आपण दाद मागू. दाद कशी मागतात याची त्या वेळी त्यांना काहीच कल्पना नव्हती, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. पण पत्राचा परिणाम झाला. व्यवस्थापकाने दिलगिरी व्यक्त केली आणि यादी नेमाने येऊ लागली. पुढील वर्षी आणखी एक अंध विद्यार्थी महाविद्यालयात दाखल झाला. त्याला या यादीसाठी भांडावे लागले नाही.

याच काळात एका उन्हाळ्यात त्यांनी अलास्कातील जुनो येथे नोकरी शोधली. अर्ज पाहून मुलाखतीला बोलावणारे मालक प्रत्यक्ष भेटीनंतर नकार देत. शेवटी एका व्यायामशाळेने त्यांना कामावर घेतले. एकदा धावण्याचे यंत्र बंद पडल्याची तक्रार आली, तेव्हा त्यांनी यंत्र हाताने चाचपून त्याच्या तळाशी असलेले बटण शोधले आणि ते सुरू करून दिले. डोळ्यांनी पाहणाऱ्या ग्राहकाला ते बटण दिसलेच नव्हते.

हार्वर्ड व संवादाची पद्धत

हेलन केलर १९०४ साली रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, कारण त्या काळी हार्वर्डमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. अडसर बधिरांधत्वाचा नव्हता, संस्थेच्या नियमाचा होता, हे गिर्मा आवर्जून निदर्शनास आणतात. त्या स्वतः २०१० साली हार्वर्डमध्ये गेल्या, तेव्हा बधिरांध विद्यार्थिनीला कायदा कसा शिकवावा याचा कोणताच नमुना संस्थेपुढे नव्हता. विद्यार्थिनी आणि संस्था यांनी तो प्रयोग करीत करीत घडवला.

त्यांच्या संवादपद्धतीत दोन उपकरणे असतात. समोरची व्यक्ती बिनतारी कळफलकावर टंकलेखन करते. ती अक्षरे गिर्मा यांच्या हातातील ब्रेल डिस्प्लेवर पोहोचतात. या उपकरणावर बारीक टाचण्या वरखाली होऊन ब्रेलचे ठिपके उमटतात आणि ओळ वाचून झाली की पुढची ओळ येते. गिर्मा मात्र उत्तर तोंडाने देतात. त्यांना उंच पट्टीतील आवाज तुलनेने बरा ऐकू येत असल्यामुळे त्यांचे बोलणेही वरच्या पट्टीत असते. सभेत बोलताना श्रोते हसले, टाळ्या वाजवल्या की त्यांचा सहायक ते टंकून कळवतो. ब्रेल न शिकलेल्या कोणाशीही अशा रीतीने थेट बोलता येते. जुलै २०१५ मध्ये अपंग हक्क कायद्याला २५ वर्षे झाल्यानिमित्त व्हाइट हाउसमध्ये समारंभ झाला, त्या वेळी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्यांच्याशी याच कळफलकावर टंकून बोलले.

वकिली

पदवीनंतर त्यांना स्कॅडन पाठ्यवृत्ती मिळाली आणि त्या बर्कली येथील डिसॅबिलिटी राइट्स ॲडव्होकेट्स या ना-नफा विधिसंस्थेत रुजू झाल्या. शिक्षणातील डिजिटल साधने अंध विद्यार्थ्यांना वापरता यावीत, हा त्यांच्या कामाचा विषय होता.

हे काम समजण्यासाठी कायद्याची थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट' हा अपंग हक्क कायदा २६ जुलै १९९० रोजी संमत झाला. त्याचे तिसरे प्रकरण खाजगी मालकीच्या सार्वजनिक ठिकाणांना लागू आहे. अशा ठिकाणांचे बारा प्रकार कायद्यात दिले असून त्यांत उपाहारगृहे, दुकाने, नाट्यगृहे, ग्रंथालये इत्यादींचा समावेश आहे. कायदा झाला तेव्हा संकेतस्थळांचा व्यापार अस्तित्वातच नव्हता. यादीत त्याचा उल्लेख नाही. पुढे खरेदी, वाचन, बँकव्यवहार हे सारे महाजालावर गेले आणि 'ठिकाण' म्हणजे काय, हा वाद न्यायालयात पोहोचला.

या वादात न्यायालयांचे दोन पक्ष पडले. कॅलिफोर्निया ज्यात येते त्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने 'ठिकाण' म्हणजे प्रत्यक्ष जागा असा अर्थ घेतला. त्यामुळे तेथे संकेतस्थळाचा संबंध एखाद्या खऱ्या दुकानाशी असेल, तरच कायदा लागू होई. टार्गेट या दुकानसाखळीविरुद्धच्या दाव्यात २००६ साली हाच निकष लावला गेला. टार्गेटची दुकाने होती म्हणून दावा टिकला, आणि २००८ साली ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. याउलट मॅसॅच्युसेट्समधील जिल्हा न्यायालयाने २०१२ साली, कर्णबधिरांच्या संघटनेने नेटफ्लिक्सविरुद्ध आणलेल्या दाव्यात, निव्वळ महाजालावरील सेवाही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, असे म्हटले.

स्क्रिब्ड खटला

स्क्रिब्ड ही सॅन फ्रान्सिस्कोतील कंपनी मासिक वर्गणी घेऊन पुस्तके व दस्तऐवज वाचायला देई. तिच्या संग्रहात चार कोटींहून अधिक शीर्षके होती. डिजिटल मजकूर मुळात अंधांना सर्वांत सोयीचा असतो; स्क्रीन रीडर तो मोठ्याने वाचून दाखवतो किंवा ब्रेलमध्ये उमटवतो. परंतु संकेतस्थळाची बांधणी तशी नसेल, तर या प्रणालीला पानावर काहीच सापडत नाही. स्क्रिब्डच्या बाबतीत हेच घडत होते. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही संघटना आणि तिची एक अंध सदस्या यांनी २०१४ साली दावा दाखल केला.

हा दावा कंपनीच्या गावी नव्हे, तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, ही सदस्या राहत असलेल्या व्हरमाँट राज्यात दाखल झाला, ही बाब लक्षणीय आहे. व्हरमाँट दुसऱ्या मंडळात येते. त्या मंडळाच्या अपील न्यायालयाने १९९९ साली एका विमा कंपनीच्या प्रकरणात, कायदा केवळ दुकानात शिरण्यापुरता नसून तेथे मिळणाऱ्या मालाच्या व सेवांच्या उपभोगालाही लागू आहे, असे म्हटले होते. दावा कॅलिफोर्नियात असता, तर पहिल्याच पायरीवर फेटाळला जाण्याचा धोका मोठा होता.

स्क्रिब्डने दावा फेटाळण्याचा अर्ज केला. आपण केवळ महाजालावर आहोत, लोकांना येण्याजोगी आपली जागाच नाही, सबब कायदा लागू नाही, असा तिचा युक्तिवाद होता. न्यायाधीश विल्यम सेशन्स यांनी मार्च २०१५ मध्ये हा अर्ज नामंजूर केला. कायद्याची शब्दरचना संदिग्ध आहे. परंतु बदलत्या तंत्रज्ञानाबरोबर कायद्याने चालावे, हा १९९० च्या संसदेचा हेतू सभागृहाच्या अहवालातून स्पष्ट होतो, आणि भेदभाव नष्ट करण्यासाठी केलेल्या कायद्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे त्यांनी मानले. पुस्तकांचा संग्रह लोकांसाठी खुला करणारी सेवा ही ग्रंथालयाच्या किंवा तत्सम सदरात बसू शकते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्याच सुमारास, एप्रिल २०१५ मध्ये, नवव्या मंडळाने नेटफ्लिक्सविरुद्धच्या दुसऱ्या एका दाव्यात नेमके उलट मत दिले.

गिर्मा यांनी हा खटला 'जिंकला' असे वृत्तपत्रांतून लिहिले जाते. ते ढोबळ अर्थाने खरे आहे. काटेकोरपणे सांगायचे, तर हा अंतिम निकाल नव्हता. दावा चालवण्याजोगा आहे, एवढेच न्यायालयाने ठरवले. त्यानंतर दोन्ही पक्षांत समझोता झाला आणि २०१७ अखेरपर्यंत संकेतस्थळ व ॲप अंधांना वापरता येईल असे करण्याचे कंपनीने मान्य केले. वाचकांच्या पदरात हवे ते पडले; परंतु प्रकरण वरच्या न्यायालयात न गेल्यामुळे देशभर बंधनकारक ठरेल असा दंडक त्यातून निर्माण झाला नाही. डॉमिनोज पिझ्झाच्या प्रकरणात २०१९ साली नवव्या मंडळाने ग्राहकाच्या बाजूने मत दिले, तेही संकेतस्थळाचा संबंध खऱ्या उपाहारगृहांशी होता म्हणूनच. राज्य व स्थानिक शासनांच्या संकेतस्थळांसाठी केंद्रीय न्याय खात्याने २०२४ साली तांत्रिक मानके ठरवली. खाजगी कंपन्यांसाठी तसे नियम अद्याप झालेले नाहीत.

न्यायालयाबाहेर

गिर्मा यांनी २०१६ साली ही संस्था सोडली आणि व्याख्याने, सल्लागारी व लेखन यांकडे वळल्या. खटला झाल्यानंतर दुरुस्ती करण्यापेक्षा रचनेच्या वेळीच अपंगांचा विचार करणे स्वस्त व सोपे असते, ही भूमिका त्या तंत्रज्ञांपुढे मांडतात. ॲपल कंपनीच्या २०१६ च्या विकासक परिषदेत त्यांचे भाषण झाले.

त्यांचे आत्मकथन 'हाबेन' २०१९ साली प्रसिद्ध झाले. हार्वर्ड 'सर' करणारी बधिरांध स्त्री, अशा आशयाचे त्याचे उपशीर्षक आहे. ते पुस्तकाच्या आशयाशी फारसे जुळत नाही. आपण अपंगत्वावर 'मात' केली हे वर्णन गिर्मा यांना मान्य नाही. अडथळे समाजाने उभे केलेले असतात आणि समाजानेच ते दूर करायचे असतात, हा पुस्तकाचा गाभा आहे. अपंग व्यक्तीचे साधे जगणेही 'प्रेरणादायी' ठरवण्याच्या पत्रकारी सवयीवर त्यांनी टीका केली आहे.

अपंगत्वाला गोड पर्यायी शब्द वापरू नयेत, सरळ 'अपंग' म्हणावे, असेही त्या सांगतात. भारतात २०१५ च्या अखेरीपासून 'दिव्यांग' हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ झाला असून महाराष्ट्र शासनाच्या संबंधित विभागाच्या नावातही तो आहे. प्रस्तुत लेखात मात्र गिर्मा यांच्या भूमिकेला अनुसरून 'अपंग' हाच शब्द ठेवला आहे.

सन्मान व वैयक्तिक

व्हाइट हाउसने २०१३ साली 'चॅम्पियन ऑफ चेंज' म्हणून त्यांचा गौरव केला. फोर्ब्स नियतकालिकाच्या तिशीच्या आतील तीस व्यक्तींच्या २०१६ च्या यादीत त्यांचे नाव होते. जागतिक आरोग्य संघटनेने एकाकीपणाच्या प्रश्नावर २०२३ साली नेमलेल्या सामाजिक संबंधविषयक आयोगावर सदस्य म्हणून त्यांची निवड झाली.

साल्सा नृत्य व सर्फिंग यांची त्यांना आवड आहे. हार्वर्डमधील वर्षांत व व्हाइट हाउसच्या भेटीत मॅक्सिन ही जर्मन शेफर्ड जातीची मार्गदर्शक कुत्री त्यांच्यासोबत होती. ती २०१८ साली वारली. त्यानंतर मायलो हा कुत्रा त्यांच्यासोबत आला.