राणी केतेवानचं हाड

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चचा मनोरा आज अर्धाच उभा आहे. १८३५ मध्ये धार्मिक संघांना गोव्यातून घालवलं गेल्यावर ही वास्तू ओस पडली. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. जांभ्या दगडाच्या या अवशेषांत जॉर्जियाच्या एका राणीचं हाड सापडलं, असं आता पर्यटकांना सांगितलं जातं. ते हाड तिचंच, हे कोणी ठरवलं? बहुतेकांचं उत्तर एका शब्दाचं असतं : डीएनएने. माझ्या मते हे उत्तर अर्धंच आहे.

केतेवान ही पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. शाह अब्बास पहिला याने तिला इराणात अनेक वर्षं ओलीस ठेवलं. धर्मांतराला नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला. तिचा मुलगा तैमुराझ पहिला राजा होता, तसाच कवीही होता. आईच्या मरणावर त्याने काव्य लिहिलं. पुढे जर्मन नाटककार आंद्रेआस ग्रीफियसने तिच्यावर शोकांतिका रचली. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन पंथाचे पोर्तुगीज धर्मगुरू होते. त्यांनी तिचे अवशेष गुपचूप हलवले आणि १६२७ मध्ये त्यांतला काही भाग गोव्यात आणला.

तो गोव्यात कुठे ठेवला, हे पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं होतं : मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, ‘एपिसल’च्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीपाशी, काळ्या दगडाच्या पेटीत. भाषांतरकार म्हणून मी इथे थबकते. एपिसल म्हणजे पत्र. बायबलमधली प्रेषितांची पत्रं वेदीच्या ज्या बाजूला वाचत, ती बाजू. वेदीकडे तोंड करून उभं राहिलं, तर ती उजवी. हा शब्द नुसता ‘पत्र’ असा भाषांतरित केला, तर वाक्य मराठीत येईल, पण खिडकी सापडणार नाही. छत आणि भिंती पडलेल्या जागेत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला आधी हा मजकूर वाचावा लागला आणि मग जमीन. २००४ मध्ये तिथे हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला.

तो तुकडा हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत गेला. शोधनिबंधाच्या लेखकांत नीरज राय, पुरातत्त्व खात्याचे निजामुद्दीन ताहेर आणि के. थंगराज यांच्याबरोबर लालजी सिंग यांचंही नाव आहे. पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएपासून सुरुवात करून ज्यांनी भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंग रुजवलं, तेच हे लालजी सिंग. पण या हाडावर फिंगरप्रिंटिंगचा मार्ग नव्हता.

‘डीएनए टेस्ट’ या एका नावाखाली आपण दोन वेगळी कामं झाकतो. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये शोधलेलं तंत्र माणूस ओळखतं. आपल्या डीएनएत काही ठिकाणी अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो : कुणात नऊ वेळा, कुणात बारा. आजच्या प्रोफायलिंगमध्ये अशा अनेक ठिकाणच्या आवृत्त्या मोजतात. सगळे आकडे जुळणारी दुसरी व्यक्ती, एकसारखं जुळं सोडलं तर, मिळणं जवळजवळ अशक्य. सीक्वेन्सिंग म्हणजे मात्र अक्षर न् अक्षर वाचणं. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये त्याची युक्ती दिली. डीएनएची नक्कल होत असताना तिला वाटेत कुठेही थांबवणारी अक्षरं त्यात मिसळायची. मग वेगवेगळ्या लांबीच्या अर्धवट नकला मिळतात. त्या लांबीप्रमाणे लावल्या आणि प्रत्येकीचं शेवटचं अक्षर पाहिलं, की मूळ मजकूर उलगडतो.

पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या दोनच प्रती असतात. गोव्याच्या दमट उष्ण हवेत जुन्या हाडात त्यांचे तुकडे तुकडे होतात. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए मात्र जेमतेम साडेसोळा हजार अक्षरांचा, आणि एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती; त्यामुळे तो टिकण्याची शक्यता जास्त. शिवाय तो फक्त आईकडून येतो. मी जयपूरला सोडाल्यात राहते. राजस्थानात बहीभाट पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वंशावळी वह्यांत लिहीत आले : बाप, मुलगा, नातू. त्या वह्यांत आई-आजी-पणजीची सलग ओळ शोधून मिळत नाही. मायटोकॉन्ड्रिया नेमकी तीच ओळ ठेवतो, फक्त नावं ठेवत नाही.

हाडाचा मातृवंश निघाला यू-१-बी. भारतीय उपखंडातल्या सुमारे २२,००० लोकांच्या नमुन्यांत तो एकदाही आढळला नाही. तपासलेल्या ३० जॉर्जियनांपैकी दोघांत आढळला. म्हणजे हे हाड त्या प्रदेशाशी आईकडून नातं सांगणाऱ्या कुणाचं तरी. पण कुणाचं? रशियाच्या झारच्या कुटुंबाची हाडं ओळखताना झारीनाच्या बहिणीचे नातू प्रिन्स फिलिप यांचं रक्त ताडून पाहता आलं होतं. इथे राणीच्या आईकडच्या नातलगाचा नमुना नव्हता. रेणूंनी प्रदेश सांगितला. नाव सांगितलं ते सतराव्या शतकातल्या कागदाने. दोन्ही साक्षी एकाच खिडकीपाशी भेटल्या, म्हणून निष्कर्षाला वजन आलं.

शास्त्रज्ञांनी हे प्रामाणिकपणे नोंदवलं. २०१४ च्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘बहुधा’ या अर्थाचा शब्द आहे. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अवशेषाचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. जॉर्जियाच्या चर्चसाठी केतेवान संत आहे; आपल्या संताचं परत येणं तिथल्या लोकांनी साजरं करावं, यात गैर काहीच नाही. समारंभाच्या भाषेत ‘बहुधा’ बसत नाही, हेही खरं.

मात्र हीच भाषा कोर्टात, बातमीत, वंशशुद्धीच्या वादात शिरते, तेव्हा मी सावध होते. ‘डीएनएने दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी केलं’ असं म्हणताना कुठला डीएनए, कशाशी ताडला आणि तो किती बोलू शकतो, हे विचारायचं राहून जातं. प्रयोगशाळा मजकूर वाचते. अर्थ लावताना दुसरा मजकूर लागतोच. आणि मुळात असलेला ‘बहुधा’ भाषांतरात गाळणं, ही आमच्या धंद्यात चूकच धरली जाते.