परतलेल्या साहेबाचे गाव

मुंबईच्या बंदरातून बोट सुटली की आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला साहेब नाहीसा होतो. तो कधी आला, कोणत्या दरबारी वकील होता, कोणता तह त्याने घडवून आणला, हे सारे आपण शाळेत पाठ केलेले असते. पुढे 'निवृत्त होऊन मायदेशी परत गेला' एवढ्या शब्दांत त्याची बोळवण होते. मायदेशी म्हणजे नेमके कुठे? कोणत्या परगण्यात, कोणत्या गावात, कोणाच्या शेजारी?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्यांना तो सोडवावा लागला, त्यांच्यासाठी तो क्षुल्लक नव्हता. कंपनीच्या नोकरीत येणारी मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सोडत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७९६ मध्ये हिंदुस्थानात आला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याने मुंबईचे गव्हर्नरपद सोडले ते १८२७ मध्ये. मधल्या एकतीस वर्षांत तो एकदाही विलायतेला गेला नव्हता. एवढ्या काळात आईबाप जातात, भावंडे पांगतात, घरे विकली जातात. रोजच्या बोलण्यात आणि पत्रांत 'होम' हा शब्द सतत येत असला, तरी बोटीतून उतरल्यावर गाडीवानाला काय पत्ता सांगायचा, हे अनेकांना ठाऊक नसे. गाव आठवणीत होते. प्रत्यक्षात ते निवडावे लागणार होते.

ही निवड कोणी कशी केली, हे पाहू लागलो की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभर-सव्वाशे वर्षांची एक वेगळीच कहाणी हाती येते.

जमीन विकत, मान उधार

पहिली पिढी 'नबाबां'ची. प्लासीनंतर बंगालमधून अफाट पैसा घेऊन परतलेल्यांना इंग्लंडात हे कुचेष्टेचे नाव मिळाले होते. त्या काळच्या इंग्लंडात पैसा असून भागत नसे. प्रतिष्ठा जमिनीला होती. जमिनीच्या जोरावर कुळे मिळत, कुळांच्या आणि पैशाच्या जोरावर पार्लमेंटातली जागा. त्यामुळे नबाबाला घर नको होते, इस्टेट हवी होती. आणि तीही लंडनहून फार लांब नको होती, कारण कंपनीचे भागधारक, मंत्री आणि शत्रू हे सारे लंडनमध्येच होते.

रॉबर्ट क्लाइव्ह मूळचा श्रॉपशायरचा. तिकडे जमिनी त्याने घेतल्याच, पण १७६९ मध्ये लंडनजवळ सरे परगण्यात एका दिवंगत ड्यूकची क्लेअरमाँट ही इस्टेटही विकत घेतली. तिथला जुना वाडा पाडून नवा बांधायला काढला. आसपासचे शेतकरी या बांधकामाकडे भीतीने पाहत. एके दिवशी सैतान येऊन या पाप्याला उचलून नेणार, म्हणून त्याने भिंती इतक्या जाड बांधल्या आहेत, अशी कुजबूज चाले. मेकॉलेने आपल्या निबंधात ही लोकवार्ता नोंदवून ठेवली आहे. १७७४ मध्ये क्लाइव्ह गेला. त्या वाड्यात त्याला फारसे राहता आले नाही.

मुर्शिदाबादच्या दरबारी रेसिडेंट राहिलेल्या फ्रान्सिस साइक्सने १७७१ मध्ये बर्कशायरात बॅसिल्डन घेतले. तिथे टेम्स नदीच्या काठची टेकडी, घरासाठी पिवळसर दगड, आणि जवळच वॉलिंगफर्डचा मतदारसंघ. तिथून तो पुढे पार्लमेंटात गेला. त्या परगण्यात असे इतके लोक आले की त्याला 'इंग्लिश हिंदुस्थान' म्हणू लागले. १७७२ मध्ये सॅम्युअल फूट याने लंडनच्या रंगभूमीवर 'द नेबॉब' हे प्रहसन आणले आणि या नवश्रीमंतांचा गावभर तमाशा झाला. जमीन विकत घेता आली, पण शेजाऱ्याने टोपी काढून केलेला नमस्कार विकत मिळाला नाही. बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात माणसे मरत होती आणि इकडे वाड्यांचे पाये खणले जात होते, हे त्या शेजाऱ्यांपैकी काहींना कळत होते.

ओढ्याकाठची शपथ

वॉरन हेस्टिंग्जला मात्र आपण कुठे जाणार हे लहानपणापासून माहीत होते. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांतले डेल्सफर्ड हे त्याच्या घराण्याचे वतनाचे गाव. त्याच्या जन्माआधीच ते विकले गेले होते, आणि आजोबा त्याच गावात पाद्री म्हणून राहत होते. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडल्या पडल्या आपण ही जमीन परत मिळवायची असे ठरवले, असे तो म्हातारपणी सांगत असे. १७८८ मध्ये त्याने ती खरोखर परत घेतली. त्याच वर्षी त्याच्यावर पार्लमेंटात महाभियोगाचा खटला उभा राहिला. सात वर्षांनी तो निर्दोष सुटला, पण खर्चाने पार खंगला. कंपनीने दिलेल्या वर्षासनावर त्याने पुढचे दिवस काढले. डेल्सफर्डला तो हिंदुस्थानी रोपे लावून पाहत होता, तिबेटकडच्या लोकरीच्या शेळ्या वाढवण्याचा खटाटोप करत होता. जे गाव मिळवण्यासाठी उभा जन्म वेचला, तिथे पोहोचल्यावर त्याला आठवण येत होती ती दुसऱ्याच मुलखाची. १८१८ मध्ये तो तिथेच वारला. गावच्या चर्चपाशी त्याला पुरले.

त्याच्याच परिसरात, काही मैलांवर, कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास सेझिनकोट हे घर बांधले. आराखडा त्याच्या वास्तुविशारद भावाचा. कॉट्सवोल्डच्या मेंढ्यांच्या कुरणात कांद्याच्या आकाराचा हिरवट घुमट, मोगली छज्जे आणि बागेत नंदी! आजही ते घर पाहणारा क्षणभर गोंधळतो. हेस्टिंग्जने हिंदुस्थान शेळ्यांत आणि रोपांत शोधला, कॉकरेलने दगडात.

पुण्याचे वकील विल्टशायरात

आता आपल्या ओळखीची माणसे घेऊ. सर चार्ल्स मॅलेट हा पुणे दरबारातला कंपनीचा पहिला रेसिडेंट. १७८६ पासून दहा-अकरा वर्षे त्याचा मुक्काम मुळा-मुठेच्या संगमावर होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आणि गंगाराम तांबट हा आपला पुणेकर कलावंत त्याच्या आश्रयाने चित्रे काढत होते. १७९८ मध्ये मॅलेट परतला आणि थोड्याच वर्षांत त्याने दक्षिण इंग्लंडातल्या विल्टशायरात, सॅलिस्बरीच्या बाजूला, विल्बरी हाउस घेतले. टापटिपीचे, प्रमाणबद्ध, अभिजात पद्धतीचे घर. सेझिनकोटसारखा घुमट त्याने उभारला नाही. त्याने एक चित्र काढून घेतले. १७९० साली सवाई माधवरावाच्या दरबारात झालेल्या तहाचा तो प्रसंग वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरा केला. शनिवारवाड्याच्या गणेश महालातली ती मंडळी, ती शुभ्र अंगरखे घातलेली पगडीधारी माणसे आपण आज ज्या चित्रात पाहतो, ते चित्र परतलेल्या एका माणसाने आपली आठवण म्हणून करवून घेतलेले आहे.

या निवडीला एक दुसरी बाजू आहे. पुण्यात मॅलेटबरोबर अंबर कौर नावाची स्त्री राहत होती. तिच्यापासून त्याला तीन मुले झाली. वेल्सने तिचेही चित्र काढले होते. १७९९ मध्ये मॅलेटने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी विवाह केला, आणि विल्बरीची गृहिणी ती झाली. परतताना माणूस गाव निवडतो, तेव्हा त्या गावात काय चालेल आणि काय चालणार नाही, याचीही निवड करतो. संगमावरच्या बंगल्यात जे नाते उघड होते, त्याला विल्टशायरच्या खेड्यात जागा नव्हती.

आजोळ आणि परगाव

साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट याच्या नशिबी वेगळे आले. १८२३ मध्ये प्रकृती ढासळून तो परतला. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळची ईडन ही इस्टेट त्याला आईच्या घराण्याकडून मिळाली, आणि तिच्याबरोबर 'डफ' हे उपनामही. आपण म्हणतो तो 'ग्रँट डफ' असा झाला. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासावर ज्या नावाची मोहोर बसली, ते नाव अर्धे त्याच्या आजोळचे आहे! इतिहासाचे तीन खंड १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. साताऱ्यात जमवलेल्या कागदपत्रांच्या आधाराने लिहिलेल्या या ग्रंथाशी पुढे आपल्या नीळकंठराव कीर्तन्यांनी आणि राजवाड्यांनी वाद घातला. गाव निवडण्याची पाळी न आलेला असा हा माणूस. शेती सुधारत, झाडे लावत तो १८५८ पर्यंत ईडनला राहिला.

त्याचा गुरू आणि वरिष्ठ एल्फिन्स्टन हाही स्कॉटिश. बाप एडिंबरो किल्ल्याचा गव्हर्नर, लहानपण तिथले. ग्रीसमार्गे फिरत १८२९ मध्ये तो इंग्लंडला पोहोचला, पण स्कॉटलंडात स्थायिक झाला नाही. लंडनमध्ये ऑल्बनी या ब्रह्मचाऱ्यांच्या प्रसिद्ध इमारतीत त्याने बिऱ्हाड केले. हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरलपद देऊ केले असता प्रकृतीचे कारण सांगून नाकारले. १८४१ मध्ये 'हिस्टरी ऑफ इंडिया' लिहून पुरी केली. १८४७ मध्ये, म्हणजे विलायतेला येऊन अठरा वर्षे झाल्यावर, त्याने सरेमधल्या लिम्प्सफील्ड गावात हुकवुड हे घर घेतले. तिथे ना त्याचे घराणे होते, ना बालपण. लंडन हाकेच्या अंतरावर, हवा बरी, पुस्तकांना जागा आणि भेटायला येणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना सोयीची वाट. २० नोव्हेंबर १८५९ रोजी तो तिथेच वारला आणि गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले.

पेन्शनरांचे गणित

हे सारे बडे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर परतणारा सर्वसामान्य अधिकारी इस्टेट घेऊ शकत नव्हता. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर सनदी नोकराला वर्षाला एक हजार पौंड मिळत. फौजेतल्याला त्याहून कमी. वय पंचेचाळीस-पन्नास, यकृत बिघडलेले, आणि मुले अजून शिकायची. त्याच्यासाठी निवडीचे निकष तीन: पाणी, शाळा आणि सोबत.

पाण्यासाठी चेल्टनहॅम. तिथल्या खनिज झऱ्याचा शोध १७१६ चा. १७८८ मध्ये राजा तिसरा जॉर्ज तिथे येऊन राहिला आणि गाव भरभराटीला आले. असईची लढाई जिंकून परतलेला आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये तिथे पाणी प्यायला गेला, आणि उष्ण प्रदेशात यकृत गमावलेल्या अधिकाऱ्यांची तिकडे रीघ लागली. पोटाला पाण्याने खरेच गुण येई की नाही, हा भाग वेगळा. पण सकाळी पंपरूममध्ये पेला हातात धरून उभे राहिले की शेजारी नागपूरला किंवा महूला बरोबर असलेला कोणीतरी हटकून भेटणार, हा गुण निश्चित होता. विल्यम कॉबेटसारखा शेतकऱ्यांचा कैवारी लेखक मात्र या गावावर दात-ओठ खाई. हिंदुस्थान लुटून आलेल्यांचा तो अड्डा, असे त्याचे मत होते.

शाळेसाठी चेल्टनहॅमला १८४१ मध्ये मुलांचे कॉलेज आणि १८५३ मध्ये मुलींचे निघाले. त्याहूनही स्वस्त होते ते बेडफर्ड. सर विल्यम हार्पर याने १५६६ मध्ये लंडनच्या हॉलबर्न भागातली तेरा एकर जमीन या आपल्या गावच्या शाळेला दिली होती. लंडन वाढले, जमिनीचे भाडे वाढले, आणि बेडफर्डच्या रहिवाशांच्या मुलांना उत्तम शिक्षण अगदी कमी खर्चात मिळू लागले. अट एकच होती: गावात राहायला हवे. मग कर्नल आणि कलेक्टर, आणि नवरा तिकडे ठेवून मुलांसाठी आलेल्या मेमसाहेबा, यांनी बेडफर्डचे रस्ते भरले.

'पेन्शनरांचे पुणे' म्हटले की जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, तेच हे: बरी हवा, चांगल्या शाळा, संध्याकाळचा फेरफटका आणि ज्याला आपली जुनी नोकरी समजावून सांगावी लागत नाही असा शेजारी. शेवटचा निकष बहुधा सर्वांत जड होता. टिफिन, चिट, पंखा हे शब्द ज्याला उलगडून सांगावे लागत नाहीत, त्याच्या शेजारी घर घ्यायचे. मायदेशी परतून या माणसांनी शोधली ती हिंदुस्थानातून परतलेलीच माणसे.

याचा उलटा प्रकार आपल्याकडे दिसतो. १८२८-२९ च्या सुमारास सर जॉन माल्कमने महाबळेश्वरला वसाहत केली. धुके, उतरत्या छपरांची घरे, बागा आणि चर्च अशी तिची घडण होत गेली. इथे असताना तिथले खेडे उभारायचे आणि तिथे गेल्यावर इथला घुमट, इथला दरबार, निदान इथली शब्दकळा तरी जवळ ठेवायची, अशी ही अदलाबदल आहे. राज्य करणाऱ्यांच्या वाट्याला आलेले हे दुःख मोठे म्हणता येणार नाही. ज्यांच्यावर राज्य झाले, त्यांचे हिशेब वेगळे आणि जड आहेत. तरीही 'परत जाणे' म्हणजे काय, हे या हिशेबातूनही कळते. ज्याचे गाव उरलेले असते त्याला गाव निवडावे लागत नाही. हेस्टिंग्जने वतन विकत घेतले, ग्रँटला आजोळ मिळाले. बाकीच्यांनी नकाशा पुढे ठेवून भाडे, शाळा आणि शेजार पाहिला.

आणि आजोळ मिळालेल्या ग्रँट डफच्या घरी तरी ही गोष्ट संपली का? एल्फिन्स्टन विलायतेला पोहोचला त्याच वर्षी, १८२९ मध्ये, ग्रँट डफला मुलगा झाला. त्याचे नाव त्याने आपल्या जुन्या साहेबावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे ठेवले. तो मुलगा १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन पुन्हा हिंदुस्थानच्या बोटीत चढला.